माहेर परमुलखाचं, कारभार सासरचा

आजच्या विषयात मध्ययुगीन रशियाच्या राण्या आहेत म्हटल्यावर काहींना वाटेल, त्यांचं आणि आपलं काय देणंघेणं? आहे थोडं. या दोन टोकांना जोडणारा एक माणूससुद्धा आहे, अफनासी निकितीन. रशियातल्या त्वेर गावचा हा व्यापारी १४७० च्या आसपास चौलच्या बंदरात उतरला, पालीवरून घाट चढून जुन्नरला पोचला, पावसाळा तिथे काढला आणि पुढे बीदरला गेला. जवळ विकायला एक घोडा होता. जुन्नरच्या असद खानानं तो काढून घेतला आणि चार दिवसांची मुदत दिली: मुसलमान हो, नाहीतर दंड भर. शेवटी एका खुरासानी वजनदार माणसाच्या मध्यस्थीनं घोडाही सुटला आणि धर्मही राहिला. ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मला त्याच्या टिपणांतली दुसरीच एक नोंद जास्त मोलाची वाटते. बीदरचा सुलतान फेरफटक्याला निघतो तेव्हा बरोबर आई असते, बायको असते, आणि मागे दहा हजार घोडेस्वार, पन्नास हजार पायदळ, दोनशे हत्ती, असं तो लिहितो.

आकडे फुगवलेले असतील, सोडून द्या. आईचं नाव बायकोच्या आधी येतं, तिकडे लक्ष द्या. ही आई म्हणजे मखदूमा-ए-जहाँ नर्गिस बेगम. १४६१ मध्ये नवरा हुमायून शाह बहमनी वारला तेव्हा गादीवर आठ वर्षांचा मुलगा. माळव्याचा सुलतान बीदर शहरात घुसला तेव्हा हीच बाई दरबार घेऊन फिरोजाबादला हटली आणि गुजरातची मदत येईपर्यंत तग धरून राहिली. तो मुलगा दोन वर्षांत गेला, धाकटा गादीवर आला, त्याच्याही वतीनं हिनंच कारभार पाहिला. मुलगा जाणता झाल्यावर ती स्वतःहून बाजूला झाली. निकितीननं पाहिली ती निवृत्त झालेली कारभारीण.

निकितीनला हे फार नवलाचं वाटलं नसणार, कारण त्याच्या मुलखात असल्या बायका होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याचजणी बाहेरून आलेल्या होत्या. लिथुआनियाच्या वितोव्त राजाची मुलगी सोफिया मॉस्कोला दिलेली. १४२५ मध्ये नवरा गेला, मुलगा वासिली दहा वर्षांचा. त्याचा काका यूरी गादीवर हक्क सांगत होता, पण सोफियाचे वडील हयात होते तोवर त्याला जपून राहावं लागलं. लिथुआनियाशी कोण वाकडं घेणार? १४३० मध्ये वितोव्त वारला आणि माहेरचं छत्र गेलं. पुढे १४३३ मध्ये मुलाच्या लग्नात काय झालं पाहा. यूरीचा एक मुलगा कमरेला सोन्याचा पट्टा बांधून आला होता. कुणीतरी कुजबुजलं की हा पट्टा मुळात मॉस्कोच्या राजघराण्याला हुंड्यात मिळालेला, मधल्या एका सरदारानं बदलून घेतला आणि हुंड्याहुंड्यातून फिरत तो याच्या कमरेला आला. सोफियानं भर मांडवात तो पट्टा ओढून काढला. भाऊबंद तसेच उठून गेले, आणि आधीच धुमसत असलेलं घरचं युद्ध पेटलं ते वीस वर्षं विझलं नाही. हा हुंड्याचा पट्टा लक्षात ठेवा, आपल्याकडेही असाच एक ऐवज येणार आहे.

दुसरी सोफिया १४७२ मध्ये मॉस्कोत आली, म्हणजे निकितीन परतीच्या वाटेवर होता त्याच सुमारास. (बिचारा घरी पोचलाच नाही, स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला.) ही बायझंटाइन घराण्यातली, शेवटच्या सम्राटाची पुतणी, रोममध्ये वाढलेली. तिच्याबरोबर ग्रीक आले आणि आमचा देश बिघडला, अशी तक्रार एका रशियन सरदारानं तिच्या मृत्यूनंतर वीस-एक वर्षांनी केली. १५२५ मध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं, पण तक्रार उरली.

ती तक्रार पुढे एलेना ग्लिन्स्कायाच्या वाट्याला आली. तिचं घराणं लिथुआनियातून मॉस्कोत आश्रयाला आलेलं, आई सर्बियाची. १५३३ मध्ये ती विधवा झाली, मुलगा इव्हान तीन वर्षांचा. हाच पुढचा 'भयंकर इव्हान'. पाच वर्षांत एलेनानं काय केलं? जिथेतिथे वेगवेगळी चालणारी चांदीची नाणी बंद करून सगळ्या राज्यात एकच नाणं चालू केलं. मॉस्कोच्या बाजारपेठेभोवती तट बांधला. आणि कारभारात हात घालणाऱ्या सख्ख्या काकाला, मिखाईल ग्लिन्स्कीला, तुरुंगात टाकलं. तो तिथेच मेला. माहेरच्यांना डोक्यावर बसवलं म्हणून तिला दोष देणाऱ्यांनी हे सोईस्करपणे विसरून टाकलं. १५३८ मध्ये ती अचानक गेली. विषप्रयोगाची शंका आजही घेतली जाते. १५४७ मध्ये मॉस्को जळालं तेव्हा लोकांनी म्हातारी आजी, आना ग्लिन्स्काया, चेटकीण ठरवली. माणसांची काळजं पाण्यात भिजवून ते पाणी तिनं शहरभर शिंपडलं म्हणून आग लागली, असं बोललं गेलं. आजी शहरात नव्हती, म्हणून जमावानं तिचा मुलगा यूरी मारला.

आता आपल्याकडे येऊ. मी हे भाग जिथून ध्वनिमुद्रित करते ते बन्नूर. म्हैसूरजवळ, कावेरीच्या खोऱ्यातलं, ऊस-भाताचं गाव. माध्व संप्रदायातले थोर आचार्य व्यासतीर्थ इथलेच. विजयनगरचा कृष्णदेवराय त्यांना गुरुस्थानी मानायचा. राजावरचा कुयोग टळावा म्हणून ते काही वेळ त्याच्या सिंहासनावर बसले अशी आख्यायिका इकडे सांगतात. त्या कृष्णदेवरायानं १५२० मध्ये रायचूरला विजापूरच्या इस्माईल आदिलशहाचा दारुण पराभव केला. आमच्या गावच्या आचार्यांच्या यजमानानं हरवलेला हा इस्माईल कोण? एका मराठा बाईचा मुलगा. आजच्या भागात मला खरं जिच्याबद्दल बोलायचंय ती ही बाई.

फिरिश्ता हा फार्सी इतिहासकार सांगतो की, आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलशहा यानं मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराला हरवलं, मग तह झाला आणि तहात मुकुंदरावाची बहीण यूसुफला दिली गेली. दरबारात तिचं नाव झालं बूबूजी खानम. तिचं माहेरचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. विजापूरच्या दरबारात तेव्हा दोन तट होते. एक आफाकी, म्हणजे इराण-तुर्कस्तानाकडून आलेले, आणि दुसरे दख्खनी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथे रुजलेले मुसलमान सरदार आणि त्यांच्या बाजूचे हबशी. या दोन तटांच्या मधोमध ही मराठा मुलगी. विजापूरपासून चार दिवसांच्या वाटेवरची असेल, पण राजवाड्यात तीच परकी.

१५१० मध्ये यूसुफ गेला. इस्माईल लहान, कारभार कमाल खान दख्खनीकडे. कमाल खानानं एकेक करून आफाक्यांना नोकरीतून काढलं आणि मग स्वतःच गादीवर बसायचा बेत केला. ज्योतिषांनी सांगितलं, पुढचे काही दिवस तुम्हाला वाईट आहेत, घराबाहेर पडू नका. तो आजारपणाचं निमित्त करून घरात बसला. बूबूजीला हे कळलं. तिनं यूसुफ नावाच्या विश्वासू तुर्काला पाठवलं. हज यात्रेला निघालोय, निरोप घ्यायला आलोय, असं सांगून तो आत गेला आणि विडा देण्यासाठी खान पुढे झुकला तसा त्याच्या छातीत खंजीर खुपसला. तुर्कही तिथेच मारला गेला.

इथे दुसरी एक बाई पुढे येते, कमाल खानाची आई. मुलगा मेलाय हे बाहेर कळलं तर फौज पांगेल, हे तिला क्षणात उमगलं. तिनं रडू दिलं नाही. प्रेताला कपडे चढवून, जिवंत असल्यासारखं बसवून सज्जात ठेवलं, खाली सैन्याला मुजरे करू दिले, आणि नातू सफदर खानाला सांगितलं, जा, राजवाडा घे.

राजवाड्यात मूठभर पहारेकरी, त्यांतले थोडे आफाकी. बूबूजी आणि यूसुफ आदिलशहाच्या माहेरघरातली, इराणहून नुकतीच आलेली दिलशाद आगा, या दोघींनी चिलखतं घातली, धनुष्यबाण घेतले आणि गच्चीवरून लढायला उभ्या राहिल्या. बाहेरून हल्ला वाढत गेला, एक दरवाजा फुटला. इतक्यात सफदर खानाच्या डोळ्यात बाण लागला. तो आडोशाला म्हणून धावला तो नेमका ज्या गच्चीवर इस्माईल उभा होता तिच्याच खाली. आईनं ओळखलं. मुलाला म्हणाली, तो धोंडा ढकल. पोरानं ढकलला. सफदर खान जागीच चिरडला, आणि लढाई संपली.

ही हकीगत मी कितीतरी वेळा वाचली असेल. दर वेळी वाटतं, फिरिश्त्यानं थोडा रंग भरलाय. पण त्यात एक गोष्ट आहे जी रंगासाठी घातलेली वाटत नाही. या प्रसंगानंतर इस्माईलनं शपथ घेतली की यापुढे दख्खनी आणि हबशी यांना फौजेत घ्यायचं नाही, फक्त बाहेरचे घ्यायचे. मराठा आईच्या पोटचा सुलतान इथल्या मातीतल्या माणसांना दारं बंद करतो! काही वर्षांनी ही शपथ सैल झाली, पण तेव्हा ती कुणालाही विचित्र वाटली नाही. कारण त्या सकाळी कोण आपलं आणि कोण परकं हे जन्मगावावरून ठरलं नव्हतं. गच्चीवर कोण होतं आणि दाराबाहेर कोण होतं, एवढ्यावर ठरलं होतं.

आता त्या हुंड्याच्या पट्ट्याकडे. बूबूजीची मुलगी मरियम १५२४ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. लग्न सोलापूरला झालं आणि आंदण म्हणून सोलापूरचाच किल्ला द्यायचा ठरलं. निदान निजामशाहीचं म्हणणं तसं होतं. आदिलशाहीनं किल्ला दिला नाही, आम्ही कबूलच केलं नव्हतं म्हणाले. त्यावरून पुढच्याच वर्षी लढाई झाली, आणि मग चाळीस वर्षं सोलापूर कधी यांच्याकडे, कधी त्यांच्याकडे. माझं माहेर सोलापूरचं. सिद्धेश्वर तळ्याला लागून असलेल्या त्या भुईकोटाच्या बागेत आम्ही लहानपणी लपाछपी खेळायचो, तेव्हा एका नवरीचं हे न मिळालेलं आंदण आहे असं कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत तहाची कलमं शिकवतात, त्या तहात दिल्या-घेतल्या गेलेल्या मुलींची नावं पाठ करायला लावत नाहीत. परीक्षेला येत नाहीत ना!

ते आंदण शेवटी उलट दिशेनं फिटलं. १५६४ च्या सुमारास हुसेन निजामशहानं आपली मुलगी अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूर विजापूरला दिलं. त्या मुलीचं नाव चांदबिबी. या सोयरिकीवर दख्खनच्या सुलतानांची एकी झाली आणि १५६५ च्या जानेवारीत तालिकोटच्या रणात विजयनगर पडलं.

चांदबिबीची आई खुंझा हुमायून. तिचं घराणं अझरबैजानकडचं. तालिकोटनंतर काही महिन्यांत हुसेन वारला आणि मुलगा मुर्तजाच्या नावानं ती पडद्याआडून कारभार पाहू लागली. भावांना मोठमोठ्या जागा दिल्या, हा तिच्यावरचा आरोप, आणि तो खोटा नाही. सरदारांनी मुर्तजाला भरीला घातलं. पहिल्या वेळी पोरगा इतका घाबरला की आईनं विचारायच्या आत त्यानं स्वतःच सगळा कट तिला सांगून टाकला. दुसऱ्या वेळी मात्र जमलं. पकडायला आलेत हे कळल्यावर ती शस्त्र घेऊन घोड्यावर चढली होती, असं फिरिश्ता सांगतो. पुढचं आयुष्य कैदेत.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-इ-हुसेनशाही' नावाचं एक हस्तलिखित आहे. आफताबी नावाच्या कवीनं हुसेन निजामशहाच्या स्तुतीत रचलेलं फार्सी काव्य, सोबत चित्रं. दख्खनी शैलीची इतकी जुनी चित्रं फार थोडी उरलीत. त्यात राजाच्या शेजारी, त्याला खेटून राणी बसलेली काढली होती. दुसऱ्या कुठल्या सुलतानानं बायकोला असं जवळ बसवून चित्रात काढून घेतलेलं मला माहीत नाही. 'होती' म्हणाले, कारण खुंझा कैदेत गेल्यावर बहुतेक चित्रांतून तिची आकृती रंग फासून पुसून टाकली. राजा तसाच आहे, सेवक आहेत, पंखे आहेत, गालिचा आहे. राजाच्या बाजूला नुसता एक डाग. मॉस्कोत आजीला चेटकीण ठरवलं, इथे कुंचला वापरला. दोन्ही कामं सफाईनं झाली आहेत.

चांदबिबीचं आपल्याला काय माहीत असतं? नगरचा किल्ला, पडलेलं खिंडार, हातात तलवार. ते खरंच आहे. पण त्याआधीची वीस वर्षं ती विजापूरकर होती, ती आपण सोडून देतो. १५८० मध्ये अलीचा खून झाला. पोटी मूल नाही, गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम. त्याला वाढवायचं आणि राज्य सांभाळायचं काम काकूवर आलं. पहिल्या कारभाऱ्यानं, कामिल खानानं, मर्यादा सोडली, तर तिनं किश्वर खानाला हाताशी धरून त्याला दूर केलं. मग किश्वर खान चढला. त्याला चांदबिबी अडचणीची झाली, तेव्हा त्यानं काय आरोप केला असेल? हाच, की बाई भावाला, अहमदनगरच्या मुर्तजाला, गुप्त पत्रं लिहून विजापूरवर स्वारी करायला बोलावते आहे. माहेर काढलं! एवढ्यावर तिला जनानखान्यातून ओढून बाहेर काढलं आणि साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत पाठवलं. अजिंक्यताऱ्यावर जाणाऱ्यांनी हे जरूर आठवावं.

हबशी सरदार उठले, किश्वर खान पळाला. कुठे पळाला, तर आधी अहमदनगरला. म्हणजे ज्या दरबाराशी संधान बांधल्याचा ठपका त्यानं तिच्यावर ठेवला, तिथेच आसरा मागायला. तिथे ठाव मिळेना म्हणून गोवळकोंड्याला, आणि तिथे त्याला सूड म्हणून मारलं. चांदबिबी साताऱ्याहून सुटून परत आली तोवर निजामशाही आणि कुतुबशाही फौजा विजापूरच्या तटाला भिडल्या होत्या. माहेरची फौज होती ती. या बाईनं विजापूर सोडून दिलं नाही. वेढा उठला, शहर वाचलं. ज्याच्यासाठी हे केलं तो इब्राहिम पुढे दख्खनचा सर्वांत रसिक सुलतान झाला. कलावंतांना त्यानं दिलेला आश्रय सगळ्यांना ठाऊक आहे, काकूचा साताऱ्याचा तुरुंग फारसा कुणाला नाही.

पुढे ती अहमदनगरला आली आणि तिथे १५९५ मध्ये गादीच्या वारसावरून चार तट पडले. त्यांतल्या मियाँ मंजूनं तर अकबराच्या मुलाला, मुरादलाच, मदतीला बोलावलं. चांदबिबीनं बहादूर या लहान वारसाच्या नावानं किल्ला धरला. मोगलांनी सुरुंग लावून तट उडवला तेव्हा ती खिंडारावर येऊन उभी राहिली आणि रातोरात ते बुजवून घेतलं. शेवटी १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह केला. राज्य वाचवायला प्रांत दिला, यात मला कमीपणा दिसत नाही. तिच्या जागी कुणीही हेच केलं असतं, किंवा याहून वाईट.

चार वर्षांनी मोगल परत आले. आत फूट, बाहेर दानियाल. तिनं हिशेब केला की किल्ला टिकणार नाही, तेव्हा बहादूरला सुखरूप बाहेर काढून तह करावा. इथे तर ती माहेरी होती. आता भावाला पत्रं लिहिते असं म्हणायची सोय नव्हती. मग जीता खान नावाचा खोजा सैनिकांमध्ये ओरडत सुटला की चांदबिबी मोगलांना मिळाली. जमाव आत घुसला आणि तिला मारलं. १६०० चा जुलै. ऑगस्टमध्ये किल्ला पडला. बहादूरला ग्वाल्हेरच्या कैदेत धाडलं.

विजापुरात हाच प्रकार अर्धशतकानंतर पुन्हा झाला, पण तेव्हाची बाई जास्त पक्की निघाली. आपल्या बखरींतली बडी साहेबीण, म्हणजे खदीजा सुलताना. माहेर गोवळकोंडा, कुतुबशहाची बहीण. १६५६ मध्ये नवरा मुहम्मद आदिलशहा वारला आणि अली गादीवर आला. अली हा खरा मुलगाच नाही, असं म्हणत औरंगजेबानं स्वारी केली. तिनं तो धक्का पचवला, तीन वर्षांनी अफजलखान तिच्याच कारकिर्दीत वाईकडे निघाला. मैत्रीचं सोंग आणून शिवाजीला गाठ, असं राणीनंच खानाला सुचवल्याचं राजापूरच्या इंग्रजांनी तेव्हाच पत्रात लिहिलंय. ते आपल्या शिवाजी महाराजांवर उठलेलं, म्हणून आपण तिला कारस्थानी म्हणतो. विजापूरच्या बाजूनं पाहिलं तर राज्याची राखण करणाऱ्या कारभारणीचं ते रोजचं काम होतं. १६६१ मध्ये ती हजला गेली. या भागातल्या सगळ्या बायकांत आपल्या पायांनी कारभारातून बाहेर पडलेल्या दोघीच, ही आणि निकितीननं पाहिलेली नर्गिस बेगम.

नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, शहराबाहेरच्या डोंगरावर एक तीन मजली अष्टकोनी इमारत आहे. सहली जातात, फोटो काढतात. सगळे तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. ती सलाबत खानाची कबर आहे, तिच्या भावाच्या वजिराची.